पुण्यभूमी आणि पासपोर्ट

ज्येष्ठ महिना लागला की आमच्या मुक्ताईची पालखी पंढरपूरला निघते. मुक्ताईनगरहून निघून बुलढाणा, जालना, बीड असे जिल्हे मागे टाकत महिनाभराहून जास्त चाल असते. आमच्या नशिराबादकडचीही माणसं तिला जाऊन मिळतात. वारीहून आलेल्या माणसाच्या पाया पडायची आपल्याकडे रीत आहे. कुठे मुक्काम केला, काय खाल्लं, पायाला किती फोड आले, हे आपण त्याला कौतुकाने विचारतो. "तुझा देव पंढरपुरात, मग नशिराबादचं काय?" असं काही त्याला कोणी विचारत नाही. विचारलं तर लोक विचारणाऱ्यालाच वेड्यात काढतील.

तुम्ही म्हणाल, पंढरपूर आपल्याच राज्यात आहे, प्रश्न येतोच कुठे? ठीक आहे. कैलास-मानसरोवर घ्या. ते तिबेटात, म्हणजे आज चीनच्या ताब्यात. चीनने परवानगी दिल्याशिवाय तिथे पाऊल टाकता येत नाही. २०२० पासून पाच वर्षं ती यात्रा बंद होती, २०२५ च्या जूनमध्ये पुन्हा सुरू झाली, तेव्हा आपण सगळ्यांनी ती बातमी आनंदाने वाचली. पशुपतिनाथ नेपाळात, मुक्तिनाथ नेपाळात, बुद्धाचं जन्मस्थान लुंबिनीही नेपाळात. गुरू नानकांचं ननकाना साहिब तर थेट पाकिस्तानात. आणि आमच्या गावातले मुसलमान शेजारी हजहून येताना खजूर आणतात, ते खजूर मी तीस-चाळीस वर्षं खात आलो आहे.

ही एवढी प्रस्तावना का, तर मध्यंतरी आमच्या सकाळच्या फिरण्याच्या मंडळींत एक वाक्य कानावर आलं. विषय एका ख्रिस्ती मुलीचा होता. आमच्यापैकी एक गृहस्थ म्हणाले, "यांचं काय बुवा, काशी-रामेश्वर सगळं तिकडेच. पोप बोलावतो, पोरं धावतात." बोलणारा माणूस वाईट नाही. अडीअडचणीला सगळ्यात आधी धावून येणारा आहे. पण वाक्य मनात राहिलं, कारण ज्या मुलीबद्दल ते होतं तिला मी ओळखतो.

तिचे आजोबा आणि मी एकाच शाळेत वर्षानुवर्षं शिकवलं. ते विज्ञान, मी मराठी आणि इतिहास. मूळचे वसईचे, घरात सामवेदी बोली. सासुरवाडी भुसावळच्या रेल्वेवाल्यांची, म्हणून इकडे आले ते इकडचेच झाले. आता भरीत-कळण्याची भाकरी त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळते. मुलगा पुन्हा वसईला गेला. त्याची ही मुलगी. ती २०२३ च्या ऑगस्टमध्ये आपल्या धर्मग्रामातल्या युवक-युवतींबरोबर पोर्तुगालला, लिस्बनला जाऊन आली. दिवाळीच्या सुट्टीत आजोबांकडे आली तेव्हा तिने मला त्यातल्या एका दिवसाची हकीकत सांगितली. तीच इथे लिहितो आहे.

आधी हा प्रकार काय ते सांगायला हवं, कारण आपल्याकडे फारसा माहीत नाही. कॅथलिक पंथात 'जागतिक युवा दिन' नावाचा मेळा भरतो. नाव 'दिन', पण चालतो जवळजवळ आठवडाभर. १९८५ हे संयुक्त राष्ट्रांचं युवा वर्ष होतं, त्याचं निमित्त साधून पोप दुसरे जॉन पॉल यांनी ही प्रथा घातली आणि १९८६ पासून ती चालू आहे. दर दोन-तीन-चार वर्षांनी जगातलं एखादं शहर ठरतं. १९९५ साली फिलिपिन्समध्ये मनिलाला भरला तेव्हा गर्दीचे आकडे चाळीस-पन्नास लाखांत सांगितले गेले. मुख्य आठवड्याच्या आधी काही दिवस ही मुलं त्या देशातल्या गावोगावच्या कुटुंबांत पाहुणी म्हणून राहतात. भाषा येत नाही, ओळख नाही, आणि घरातली बाई ताटात वाढते आहे. आपल्या वारीच्या वाटेवरची गावं दिंडीला जेवू घालतात त्यातलाच प्रकार, फक्त भाकरीच्या जागी दुसरं काही.

लिस्बनचा मेळा खरं तर २०२२ चा, कोविडमुळे वर्षभर पुढे गेला. १ ते ६ ऑगस्ट. पोरीने सांगितला तो शनिवार, ५ ऑगस्ट. त्या रात्री जागर, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोप फ्रान्सिस यांची मिस्सा. जागराचं मैदान ताहो नदीच्या काठावर, शहराच्या टोकाला. त्यातला काही भाग पूर्वी शहराचा कचरा टाकायची जागा होती, ती साफसूफ करून व्यासपीठ उभारलेलं. मुलं एका शाळेच्या जिमखान्यात जमिनीवर झोपत होती. सकाळी संडासाच्या रांगेपासून दिवस सुरू झाला (हे तिने आवर्जून सांगितलं, आणि शाळेच्या सहली नेलेल्या माणसाला ते लगेच पटलं). मग पाठीवर अंथरूण, हातात पाण्याची बाटली, आणि चाल.

ऊन फार होतं म्हणाली. मी हसलो. भुसावळच्या माणसाला कोणी उन्हाचं सांगू नये! पण युरोपातलं ऊन, सावली नाही, आणि लाखो माणसं एकाच दिशेने निघालेली. एका बाल्कनीतून एक म्हातारी बागेचा पाइप धरून खालच्या पोरांवर पाणी उडवत होती. पोरं तिच्या खिडकीखाली थांबून नाचत होती. मला आपल्या वाटेवरचे पाण्याचे ड्रम आणि चहाच्या किटल्या आठवल्या.

मैदानात आखलेले चौकोन होते, ज्याला जो मिळेल तो. यांच्या एका बाजूला पोलंडची मुलं, दुसऱ्या बाजूला आफ्रिकेतल्या अंगोलाची. हिने घरून वसईची सुकेळी नेली होती. राजेळी केळ्यांची ती वाळवलेली सुकेळी ज्यांनी खाल्ली नसतील त्यांनी एकदा जरूर खावीत. केळ्याच्या जिल्ह्यातला माणूस सांगतो आहे. ती तिने दोन्हीकडे वाटली. अंगोला ही पोर्तुगालची जुनी वसाहत, त्यामुळे तिकडच्या मुलांना पोर्तुगीज घरच्यासारखी येते. बोलता बोलता खेळ सुरू झाला. तो मुलगा एकेक वस्तू दाखवून पोर्तुगीज शब्द सांगायचा आणि ही मराठी. बटाटा? बटाटा! अननस? अननस! काजू? काजूच! त्याने खिशातून किल्ली काढली आणि 'शाव' म्हणाला, ही म्हणाली 'चावी'. दोघंही हसून लोळले.

मी मराठीचा मास्तर, त्यामुळे हा भाग तिला दोनदा सांगायला लावला. पगार, पाव, घमेलं, पिंप, लिलाव, पाद्री, नाताळ, असे किती शब्द पोर्तुगीजांनी आपल्या तोंडात ठेवले आणि निघून गेले. 'तुरुंग'सुद्धा त्यांचाच. यावरून आठवलं, लिस्बनमध्ये पापनिवेदनासाठी १५० लाकडी कक्ष केले होते आणि ते पोर्तुगालच्या तुरुंगांतल्या कैद्यांनी बनवले होते. ही कल्पना ज्याला सुचली त्याला माझा नमस्कार. ते कक्ष मांडले होते बेलें भागातल्या, वास्को द गामाचं नाव असलेल्या बागेत. हा वास्को १४९७ साली तिथूनच हिंदुस्थानच्या शोधात निघाला होता.

आता मुद्द्याचं. तिच्या खांद्यावर तिरंगा होता. संध्याकाळभर लोक येऊन विचारत होते, "इंडिया?" आणि तिच्याबरोबर फोटो काढत होते. ब्राझीलची मुलं आली, कोरियाची आली, कोणी नमस्ते म्हणालं, कोणी सिनेमातलं गाणं म्हणून दाखवलं. ती मला म्हणाली, "आजोबा, कॉलेजात मी 'ती ख्रिश्चन मुलगी' असते. तिथे सगळेच ख्रिश्चन. तिथे मी फक्त इंडियन होते. कोणी दुसरं काही विचारलंच नाही."

मला वाटतं या एका वाक्यात तिने आमच्या फिरण्याच्या मंडळींना उत्तर देऊन ठेवलं होतं. वारीत काय होतं पाहा. नशिराबादेत माळ घातलेल्या माणसाला आपण माळकरी म्हणून ओळखतो. तोच वारीत गेला की सगळेच माळकरी, मग लोक विचारतात, "कुठली दिंडी?" तिथे त्याची ओळख त्याचं गाव. ज्या नशिराबादचा त्याला एरवी कंटाळा येतो, ते नाव तो तिथे छाती पुढे काढून सांगतो. तीर्थ घर सोडायला लावतं म्हणतात, पण तीर्थात माणसाला घराच्याच नावाने हाक मारतात. या मुलीचं पंढरपूर त्या आठवड्यापुरतं लिस्बनला होतं, आणि तिथे तिची दिंडी भारत होती.

आता सावरकरांचा विषय काढल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. १९२३ सालच्या त्यांच्या 'हिंदुत्व' या ग्रंथात पितृभू आणि पुण्यभू अशी जोडी आहे. ज्याची पितृभू आणि पुण्यभू दोन्ही हा देश तो हिंदू. ज्यांची पुण्यभू बाहेर, ते त्या व्याख्येत बसत नाहीत, आणि त्यांचं प्रेम वाटलं जातं असा रोख तिथे आहे. मी सावरकरांच्या कविता वर्गात मनापासून शिकवल्या आहेत. अंदमानात त्यांनी भोगलं त्याच्यापुढे मान लववतो. पण या ठिकाणी माझं त्यांच्याशी जमत नाही. प्रेम हे काही बारदानातलं धान्य नव्हे, की इकडे दोन किलो दिलं म्हणजे तिकडे दोन किलो कमी झालं. सासरी रमलेल्या मुलीचं माहेर तुटलं असं आपण म्हणत नाही. आणि पुण्यभूमी बाहेर असेल तर निष्ठा कमी, हे माप लावायचंच तर ते मानसरोवरला जाणाऱ्यालाही लावावं लागेल. तो चीनचा होतो का?

यावर आमचे एक मित्र म्हणतात, "मानसरोवरचं वेगळं, तिथे चीनचा पोप बसलेला नाही. इथे परदेशातला माणूस आदेश देतो." प्रश्न रास्त आहे, टाळण्यासारखा नाही. त्याचं उत्तर मी वसईच्या इतिहासात शोधतो. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि ख्रिस्ती धर्म तिथे राज्यकर्त्यांबरोबर आला, जोरजबरदस्तीही झाली, हे काही लपवायचं कारण नाही. पण १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. राज्यकर्ते गेले. धर्म जर निव्वळ परक्या सत्तेचा असता तर तोही गलबतात बसून गेला असता. तो राहिला. त्याच वाड्यांमध्ये, त्याच केळी-पानवेलींच्या बागांमध्ये, बायकांच्या त्याच लुगड्यांत आणि मराठीच्या त्याच बोलींत राहिला. पुढे व्हॅटिकनच्या दुसऱ्या महासभेनंतर, म्हणजे १९६५ नंतर, मिस्साही लॅटिन सोडून मराठीत होऊ लागली. म्हणजे ज्या रोमच्या आदेशाची आपल्याला काळजी, त्या रोमनेच सांगितलं की देवाशी आपापल्या भाषेत बोला.

याच मातीतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो. पोपच्या पंथाचे धर्मगुरू, आणि वसईची हिरवी जमीन बिल्डरांच्या घशात जाऊ नये म्हणून 'हरित वसई'च्या लढ्यात पुढे उभे राहिलेले. बायबल त्यांनी सुबोध मराठीत आणलं. २०२० मध्ये उस्मानाबादच्या, म्हणजे आजच्या धाराशिवच्या, साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हाही निवड जाहीर होताच 'पाद्री कशाला?' असा सूर निघाला होता. २५ जुलै २०२४ ला ते गेले. त्यांच्याइतकी मराठीची आणि त्या भूमीची काळजी वाहिलेली माणसं आपल्या फिरण्याच्या मंडळींत किती आहेत, हे ज्याचं त्याने मोजावं. माझा आकडा मी सांगत नाही.

आणि देवाणघेवाण एकाच बाजूने झाली असंही नाही. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा आपण सगळ्यांनी पाहिली आहे. मोठ्या आवाजाच्या माणसाला आपण 'नारोशंकराची घंटा' म्हणतो (मला वर्गातली मुलं पाठीमागे तेच म्हणत). ती घंटा १७२१ सालची, पोर्तुगीज, वसईच्या विजयातून आलेली. भीमाशंकरलाही तशीच एक आहे. चर्चसाठी ओतलेल्या घंटा आपल्या शंकराला चालल्या. देवाने काही तक्रार केलेली ऐकिवात नाही.

असो. पुन्हा मैदानाकडे येऊ. रात्री पोप आले, बोलले. त्यांच्या बोलण्यातलं एक तिच्या लक्षात राहिलं होतं: दुसऱ्याकडे वरून खाली पाहायचा हक्क माणसाला एकाच वेळी असतो, पडलेल्याला हात देऊन उठवताना. मग आराधना. तिथे सुमारे पंधरा लाख माणसं होती असं अधिकाऱ्यांनी सांगितलं. "आणि आजोबा, सगळं गप्प झालं," ती म्हणाली. "शेजारच्या पोलंडच्या मुलीचा श्वास मला ऐकू येत होता." पंधरा लाख तरुण माणसं एका जागी आणि चिडीचूप! ३५ मुलांचा वर्ग गप्प करताना माझा घसा बसायचा. तिचे आजोबा यावर काही बोलले नाहीत, नुसते चष्मा पुसत बसले.

पहाटे मात्र गंमत. मुलांना उठवायला एक पोर्तुगीज पाद्रीच व्यासपीठावर चढला आणि डीजे वाजवू लागला. खरंच, धर्मगुरू आणि डीजे, पाद्रे गिल्येर्मे असं त्यांचं नाव. आमच्या वसईकर मित्रांना हे अजिबात रुचलं नाही. "देवाच्या दारी ही ढणढण?" मी म्हटलं, "सर, गणपतीत जळगावला या, मग बोला." पण मनातून मीही त्यांच्याच बाजूचा. रात्रीच्या त्या शांततेवर सकाळी असा रंग ओतायला नको होता. पोरगी म्हणाली, "तुम्ही दोघं म्हातारे आहात." यावर काय बोलणार.

टीका करायची तर माझ्याकडे दुसऱ्या गोष्टीवर आहे, आणि ती निष्ठेवर नाही, पैशावर आहे. लिस्बनचं व्यासपीठ बांधायला आधी चाळीस लाख युरोंच्या वर खर्च ठरला होता. तिथल्याच लोकांनी ओरड केली, तेव्हा तो तीस लाखांच्या आत आणला गेला. एका पोर्तुगीज कलाकाराने तर ५०० युरोच्या मोठमोठ्या नोटा छापलेली पायघडी त्या व्यासपीठावर नेऊन अंथरली. बरं केलं. आणि इकडे या मुलीने दोन वर्षं शिकवण्या घेतल्या, नाताळात सगळ्या गटाने मिळून फराळाचे जिन्नस करून विकले, तरी शेवटी वडिलांना सोसायटीचं कर्ज काढावं लागलं. तिला वडील होते, सोसायटी होती. आमच्या नाशिक धर्मप्रांतात धुळे-नंदुरबारकडची आदिवासी कॅथलिक मुलं आहेत. त्यांच्यातलं कोण जाणार? हरेगावच्या मतमाऊलीच्या यात्रेला ती ट्रकमधून, एसटीने, पायी येतात. विमान फक्त डोक्यावरून जाताना दिसतं. वारीत निदान तिकीट नाही. ज्याला पाय आहेत तो वारकरी. तीर्थयात्रेला बँकेचं स्टेटमेंट जोडायला लागलं की तिथे कोणाची तरी जागा आपोआप रिकामी राहते, आणि ही गोष्ट पोपच्या लोकांनी जितकी मनावर घ्यायला हवी तितकीच आपल्याकडच्या चारधाम-पॅकेजवाल्यांनीही.

पुढचा मेळा २०२७ च्या ऑगस्टमध्ये, ३ ते ८ तारखेला, दक्षिण कोरियात सोलला आहे. त्याच महिन्यात नाशिकला सिंहस्थाची पर्वणी. म्हणजे आम्ही लोक गोदावरीकडे आणि वसईची पोरं सोलकडे, एकाच वेळी गाठोडी बांधणार. लिस्बनला भेटलेले पोप फ्रान्सिस २१ एप्रिल २०२५ ला वारले. सोलला नवे पोप लिओ असतील. पोरगी पुन्हा पैसे साठवते आहे, पण या वेळी तिला सोलहून पुढे जपानला, नागासाकीला जायचं आहे. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया तिथल्या टेकडीवर ५ फेब्रुवारी १५९७ ला आणखी २५ जणांबरोबर क्रुसावर मारले गेले. १८६२ साली रोमने त्यांना संत म्हणून जाहीर केलं. नागासाकीच्या टेकडीवर १९६२ मध्ये त्या सव्वीस जणांचं स्मारक झालं. वसईच्या माणसाच्या पायाशी जगभरचे लोक तिथे फुलं ठेवतात.

तिच्या आजोबांनी तिला एकच काम सांगितलं आहे: वसईच्या घराच्या विहिरीजवळची मूठभर माती बरोबर ने आणि त्या स्मारकाजवळ ठेव. परक्या देशात माती नेऊ देतात का, कस्टमवाले अडवतात का, हे दोघांनाही माहीत नाही. ती चौकशी त्यांनी माझ्याकडे सोपवली आहे. जळगावला एक विद्यार्थी ट्रॅव्हल्सचं काम करतो, सोमवारी त्याच्याकडे जाणार आहे.